फुटाला एक सूत : बिननावाच्या सहा फुटी लेथची दुरुस्ती

३ डिसेंबर २०२३

लेथ (लोखंड फिरवून कापायचं मशीन) आणला. भंगारात, वजनावर. ६१० किलो, किलोला ४८ रुपये, म्हणजे २९,२८० रुपये. टेम्पो आणि हमाली ३,५०० वेगळे. सहा फुटी बेड (मशीनचा लांब पाया), तोही गॅप बेड, म्हणजे डोक्याजवळचा तुकडा काढता येतो असा. वेग बदलायला कोन पुली आणि बॅक गिअर. बेडपासून सेंटरची, म्हणजे फिरण्याच्या अक्षाची, उंची सहा इंच. आपल्याकडे लेथ विचारतात तो फुटात, म्हणजे बेडच्या लांबीवर. इंग्रज मंडळी सेंटरच्या उंचीवर बोलतात. हा फरक पुढं मापं शोधताना सारखा आडवा येतो, म्हणून दोन्ही लिहून ठेवतोय.

कंपनीचं नाव कुठंच नाही. हेडस्टॉकवर (फिरणारा दांडा बसतो ते डोकं) पाटीचा चौकोन आणि रिव्हेटची दोन भोकं, पाटी गायब. भंगारवाल्याला विचारलं तर म्हणाला, "विलायती हाय, साहेब." तो सगळंच विलायती म्हणून विकतो.

१० डिसेंबर

रॉकेल, पत्री आणि दोन दिवस. रंगाचे चार थर निघाले. सगळ्यात खाली राखाडी, त्याच्या खाली लांबीचा (रंगाखालच्या पुट्टीचा) जाड थर. बीड (ओतीव लोखंड) खडबडीत असलं की लांबी जास्त लागते, आणि इथं भरपूर होती.

बेडच्या टोकाला पंचनं ठोकलेला आकडा सापडला : ११. हेडस्टॉकच्या तळाशीही ११. टेलस्टॉकवर (दुसऱ्या टोकाचा आधार) ११. गॅपचा तुकडा काढून उलटा केला तर त्यावर छिन्नीनं हातानं कोरलेला ९९. म्हणजे गॅपचा तुकडा दुसऱ्या मशीनचा, कुणीतरी नंतर बसवलेला. तसं वहीत लिहिलं. (हे वाक्य मला पुढं ५,७०० रुपयांना पडलं.)

बेडच्या मागच्या बाजूला दोन उंचवटे आहेत, तळहाताएवढे. बिडात ओतलेले, पण मशीन न केलेले, भोक नाही, काही नाही. कशासाठी ते कळेना.

१७ डिसेंबर

चक (काम पकडणारा पंजा) नाही, म्हणून तो ज्यावर बसतो ती बॅकप्लेट आधी करायला घेतली. इथं मी शहाणपणा केला. बेडवर व्ही (उलट्या व्ही आकाराचा सरकमार्ग) बघून ठरवलं की हा साउथ बेंडच्या घराण्यातला. अमेरिकेत इंडियानामध्ये ओब्रायन नावाच्या जुळ्या भावांनी १९०६ मध्ये ती कंपनी काढली आणि त्यांच्या नऊ इंची लेथच्या नकला जगभर झाल्या : इंग्लंडात बॉक्सफोर्ड, ऑस्ट्रेलियात हर्कस. त्या लेथच्या स्पिंडलचं (फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) नाक दीड इंची, इंचाला आठ आटे. माझं नाक मोजलं, दीड इंच. झालं! बॅकप्लेट आठ आट्यांची करायला टाकली. १,८०० रुपये.

आटे मोजायचं पिच गेज खिशात होतं. आट्यांत ग्रीस आणि चुरा भरला होता, पुसायचा कंटाळा केला.

२८ डिसेंबर

बॅकप्लेट एक फेराही चढली नाही. मग नाक पुसलं, गेज लावलं. इंचाला सहा आटे, ५५ अंशांचे. व्हिटवर्थच्या, म्हणजे जुन्या इंग्रजी आट्यांच्या, तक्त्यात दीड इंचाला सहाच आटे असतात. ज्यानं हा लेथ केला त्यानं कोणत्याही खास नाकाची नक्कल केली नाही, जे माप सगळीकडे चालत होतं ते घेतलं. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

नवी बॅकप्लेट १,५००. जुनी भिंतीवर टांगली आहे.

जो हे काम करणार असेल त्याला एकच सांगणं : घराणं ओळखून माप ठरवू नका. माप घ्या, घराणं मागून कळलं तर कळलं.

१४ जानेवारी २०२४

ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये तसाच दिसणारा लेथ बंद पडून आहे. पाटीवर 'मेड इन इंग्लंड' एवढंच वाचता येतं, वरचं नाव घासून गेलंय. पण बघितल्याबरोबर चेहरा ओळखला. पायाची कमान, बेडच्या आतल्या आडव्या पट्ट्या, टेलस्टॉकचा कुबड, सगळं तेच. आणि बेडच्या मागं तेच दोन उंचवटे. इथं मात्र ते मशीन केलेले, चार-चार भोकं आणि त्यावर टेपर टर्निंगचं (निमुळतं वळवायचं) अटॅचमेंट बसवलेलं. माझ्या लेथला ते अटॅचमेंट कधी मिळालंच नाही, नुसते उंचवटे मिळाले.

मापं घेतली. मशीन केलेली जवळपास सगळी जुळली. न केलेली, म्हणजे कच्च्या ओताची, एकही जुळेना. बेडच्या आतल्या पट्ट्यांचं अंतर तिकडं ६०९.५ मिमी, माझ्याकडं ६०३. पायांचा फरक तसाच. टेप बदलून पुन्हा मोजलं. तेच.

संध्याकाळी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्नच्या (ओतकामासाठी वाळूत दाबायच्या लाकडी नमुन्यांच्या) मिस्त्रींकडं गेलो. चाळीस वर्षं लाकडात काम केलेला माणूस. आकडे वाचून दाखवले. त्यांनी चष्माही लावला नाही.

"दोन फुटात दोन सूत कमी," म्हणाले. "फुटाला एक सूत. बीड आटतंय की लेका. ह्येनी पॅटर्न केलंच न्हाई. इंग्रजाचं बेडच वाळूत घातलंय."

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बीड गार होताना फुटामागं साधारण तेवढं आटतं, म्हणून पॅटर्नवाल्यांची फूटपट्टीच वेगळी असते, तिचा फूट नेहमीच्या फुटापेक्षा एक सूत लांब. लाकडी पॅटर्न त्या पट्टीनं केला की ओत बरोबर मापाचा निघतो. पण तयार बिडाचा भागच पॅटर्न म्हणून वाळूत दाबला तर निघणारा ओत मूळ भागापेक्षा फुटाला एक सूत लहान. ६०९.५ ला हिशेब करून बघा, सव्वासहा मिमीच्या थोडं वर जातात.

मिस्त्रींनी स्वतःची फूटपट्टी काढून माझ्या स्टीलच्या पट्टीशेजारी टेबलावर ठेवली. शून्याला शून्य जुळवलं. बारावर पोचेपर्यंत दोन रेघा एकमेकींपासून सरकलेल्या. तीस वर्षं लेथवर काढली, ही पट्टी पहिल्यांदाच अशी बघितली.

२१ जानेवारी

हेडस्टॉक. स्पिंडल गन मेटलच्या (तांब्या-कथलाच्या मिश्रधातूच्या) बुशात, म्हणजे नळीसारख्या अस्तरात, फिरतं आणि पुढच्या बुशात चांगला प्ले (सैलपणा) आहे, डायल गेज लावून वर उचललं की ०.१८ मिमी. माझा बेत होता बुश काढून टाकायचा, भोक मोठं करायचं आणि टेपर रोलर बेअरिंग घालायचं. बेअरिंग मिळतं, बोरिंग करून देणारे आहेत, हिशेबही केला होता.

नशिबानं आधी भिंत मोजली. भोकाच्या खाली बिडाची जाडी १६ मिमी, वर १३. भोक बॉसच्या (भोकाभोवतीच्या जाड बिडाच्या) मध्यावर नाहीच. आधी वाटलं ओतताना कोअर (पोकळीसाठी साच्यात ठेवतात तो वाळूचा गाभा) सरकला असेल. पण मागचा बॉसही तसाच, वरच पातळ, आणि तेवढाच.

सहा इंचाला अर्धं सूत आटतं, म्हणजे दीड मिमीच्या थोडं वर. ओतात बॉस तेवढा खाली आला, पण भोक पाडणाऱ्यानं सेंटरची उंची मुळातली सहा इंचच धरली. मग भोक बॉसच्या मध्यापासून दीड मिमी वर गेलं, वर दीड कमी, खाली दीड जास्त. १६ आणि १३.

मिस्त्रींना फोन केला. "भोक मोठं करू नको," एवढंच म्हणाले. बेअरिंगचा बेत सोडला. गन मेटलचा नवा बुश ओतून घेतला, ३,२०० रुपये. बोर करून, निळं लावून, खरवडून ०.०४ मिमी फटीवर बसवला. खरवडायला तीन रविवार. बुशला वंगण लागतं, आवाज जरा असतो, पण या हेडस्टॉकला तेच झेपतं. त्या इंग्रजी लेथमध्ये बेअरिंग घातलं असतं तर चाललं असतं. चेहरा तोच असला तरी हाडं वेगळी आहेत.

परदेशी लेथ आपल्याकडं दोन वाटांनी आला. एक कागदावरून : १९५३ मध्ये बंगळूरला हिंदुस्थान मशीन टूल्स सुरू झाली ती स्वित्झर्लंडच्या ऑर्लिकॉनशी करार करून. ड्रॉइंगबरोबर कुठल्या मापाला किती सूट हेही येतं, कुठली भिंत किती हवी हेही. दुसरी वाट वाळूतून. महायुद्धात बाहेरची मशीनं येणं आटलं, कारखान्यांना तर हवीच होती. हरिहरला किर्लोस्करांचा लेथचा कारखाना १९४१ चा, त्याच दिवसांतला. तिकडं पंजाबात बटाला, लुधियाना, इकडं राजकोट, अशा गावांत छोट्या ओतशाळांनी लेथ करायचा धडाका लावला. ज्याच्या दारात एखादं इंग्रजी मशीन उभं होतं त्याच्याकडं पॅटर्न तयार होता. वाळूत आकार उतरतो. मागचे ते दोन उंचवटेसुद्धा उतरतात, कशासाठी आहेत हे मात्र उतरत नाही.

नक्कल म्हणून नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. ड्रॉइंग नाही, प्लॅनर (मोठे भाग सपाट करायचं मशीन) असला तर शेजारच्या गावात, आणि तरी त्या माणसानं भोक बरोबर सहा इंचावर पाडलंय. दोन्ही टोकांना मोजलं, चुकलेलं नाही.

१८ फेब्रुवारी

बेड ग्राइंडिंगला पाठवला. चकजवळच्या दोन फुटांत पुढचा व्ही ०.२२ मिमी खाल्लेला होता. हातानं खरवडायचा विचार केला, मग स्वतःचं वय आठवलं. ग्राइंडिंग १४,०००, टेम्पो १,२००.

गॅपचा तुकडा पाठवला नाही. तो ९९ नंबरचा, दुसऱ्या मशीनचा, त्याच्यासाठी कशाला पैसे घालवायचे. मिळाला तर बरोबरचा बघू, असं ठरवलं.

३ मार्च

बेड आला. सरळ. टोकापासून टोकापर्यंत ०.०२ च्या आत. सहज म्हणून गॅपचा तुकडा परत बसवला. डॉवेल (जागेवर बसवणाऱ्या खुंट्या) अशा आवाजानं आत गेले की अंगावर काटा आला. चारी बाजूंनी नखही शिरत नाही. दुसऱ्या मशीनचा तुकडा असा बसूच शकत नाही, गॅप ज्याची त्यालाच घासून बसवलेली असते. आणि आता तो बेडपेक्षा पाव मिमी वर.

मग ९९ काय?

उत्तर मंगळवारी शिरोलीच्या नाक्यावर मिळालं. पुढं पंजाबचा ट्रक होता, मागच्या फळीवर गुरुद्वारात असतं ते 'इक ओंकार'. पहिलं चिन्ह इंग्रजी नवासारखं. ते नऊ नाही, तो गुरुमुखीतला एक. 'इक'. ९९ नव्हते ते, ११ होते. पंच वापरणाऱ्यानं इंग्रजी आकडे ठोकले, आणि गॅप घासणाऱ्या फिटरनं छिन्नीनं आपल्या लिपीत तोच आकडा कोरला. मशीन नंबर अकरा, सगळे भाग एकाच घरचे.

म्हणजे लेथ बहुतेक पंजाबचा. गाव कळत नाही, कारखाना कळत नाही. गॅप घासणारा मात्र कळला, आणि त्याचं काम माझ्या लेथमधलं सगळ्यात चोख काम आहे.

२४ मार्च

बेड गॅपसकट पुन्हा ग्राइंडिंगला. फक्त तुकडा बेडच्या पातळीला आणला. ४,५००, टेम्पो १,२००, आणि तीन आठवडे, कारण त्यांच्याकडं रांग होती. ग्राइंडिंगवाल्यांनी विचारलं, "पहिल्यांदाच का नाही दिला?" सांगितलं नाही.

१४ एप्रिल

बेड खाली गेला, सॅडलचा (हत्यार घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागाचा) तळ आधीच झिजलेला, दोन्ही मिळून सॅडल ०.४ मिमीनं उतरलं. सॅडलचा हाफ नट लीड स्क्रूवर (आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) बंद होताना स्क्रूला खाली दाबायचा. टर्साइटची (घर्षण कमी करणाऱ्या प्लास्टिकची) पट्टी लावली : तळ शेपरवर अर्धा मिमी उतरवून घेतला (६०० रुपये), ०.८ ची पट्टी चिकटवली (२,६००), चिकटवायच्या गोंदाची जाडी धरून ०.४ वर आलं. पहिली पट्टी सुटली, कारण बीड नुसतं पेट्रोलनं पुसलं होतं. जुन्या बिडातून तेल पाझरत राहतं. दुसऱ्या वेळी ॲसिटोननं पुसत गेलो, फडकं पांढरं निघेपर्यंत, मग एक रात्र तसंच ठेवून परत पुसलं. आता पक्की आहे.

मोटर १ एचपी, १४४० आरपीएम, जुनी, ४,०००. चालू होते, बस.

५ मे

दोन तुकडे फुकट घालवले. क्रॉस स्लाइडच्या (हत्यार आडवं सरकवणाऱ्या भागाच्या) डायलवर शंभर घरं, म्हणून एक घर म्हणजे एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) धरून चाललो होतो. प्रत्येक वेळी माल जास्त कापला जायचा. शेवटी डायल गेज लावून एक पूर्ण फेरा मोजला : १२५ थाऊ. स्क्रू इंचाला आठ आट्यांचा आहे, डायल दहा आट्यांच्या स्क्रूचा. एक घर सव्वा थाऊचं.

हेही नक्कल करणाऱ्याच्या माथी मारणार होतो. पण नट काढून बघितला तर गन मेटल नवं, आणि स्क्रूच्या टोकाचं काम बाकीच्या मशीनशी अजिबात जुळत नाही. मागच्या कुणी मालकानं मिळेल तो स्क्रू घातलाय. जुन्या मशीनमधली प्रत्येक खोट जन्माची नसते. डायलवर १२५ घरांची नवी कडी करायची आहे, तोवर त्यावर खडूनं '१.२५' लिहिलंय.

२ जून

लेव्हल केला. ०.०२ च्या स्पिरिट लेव्हलनं दोन्ही टोकं जुळवली, मग दोन कॉलरची चाचणी : चकात दांडा, टेलस्टॉकचा आधार न देता, सहा इंच अंतरावर दोन कॉलर एकाच सेटिंगवर वळवल्या. पहिल्यांदा ०.०५ चा फरक. टेलस्टॉककडच्या पायाखाली पत्रा घालून, पुन्हा वळवून, पुन्हा मोजून, सातव्या वेळी ०.०१. तिथं थांबलो.

आटे. लीड स्क्रू इंचाला चार आट्यांचा. यावरून मशीनचं वय काढायला जाऊ नका. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, पण इंची लीड स्क्रू त्यानंतरही बरीच वर्षं येत राहिले. मला १.५ मिमी पिच हवा होता. बरोबर माप हवं तर १२७ दात्यांचा गिअर लागतो, कारण २५.४ पाचपट केल्यावरच पूर्ण आकडा येतो. या वेळी आधी हिशेब केला : माझे गिअर १६ डीपीचे (व्यासाच्या इंचाला सोळा दाते), त्यात १२७ दाती गिअर आठ इंचांहून मोठा होतो आणि क्वाड्रंटवर (गिअर बसवायच्या कमानीवर) बसतच नाही. म्हणून ६३ दाती करून घेतला, ११०० रुपये. ६३ नं ८० फिरवला, ८० च्या शाफ्टवरच्या ३० नं १००. येणारा पिच १.५००२. शंभर मिमी लांबीत शतांशाच्या थोडा वर फरक, बोल्टाला कुणी विचारत नाही.

एम१० चा नट हातानं टोकापर्यंत गेला.

खर्च : सगळं मिळून ६८,५०० च्या आसपास. त्यातले ७,५०० माझ्या चुकांचे, म्हणजे बॅकप्लेट आणि गॅपची दुसरी फेरी. वेळ सहा महिने, बहुतेक रविवार. बाकी आहे ते : डायलची कडी, बॅक गिअरचा आवाज (एक दाता पितळ भरून केलेला आहे, तो आधी बदलायचा) आणि गिअरवरचं झाकण.

झाकणासाठी मिस्त्री आले होते. इंग्रजी लेथचं झाकण उसनं आणून देऊ का, वाळूत घालता येईल, असं त्यांना विचारलं. त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं आणि खिशातून आपली फूटपट्टी काढली.